मदत हवी आहे: डिजॉक्सिनचा कॅन्सरसाठी डोस किती? (अर्जंट)

घाईत_आहे
नमस्कार, थोडक्यात लिहितो. डिजॉक्सिनने कॅन्सर पसरायचा थांबतो असं वाचलं. हार्टची जुनीच गोळी आहे, नवीन काही नाही, मग द्यायला काय हरकत आहे? आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी मान वर न करता 'नेटवर कमी वाचा' एवढंच सांगितलं. मला फक्त डोस हवाय. ज्यांच्या घरी कोणी घेतलंय त्यांनीच लिहा. 'डॉक्टरांना विचारा' लिहिणार असाल तर प्लीज नको, ते करून झालंय.

खडूस_काका
कोणाला? कोणता कॅन्सर? वय? केमो चालू आहे का? डोस विचारताय आणि पेशंटचा पत्ताच नाही धाग्यात.

घाईत_आहे
आईला. ब्रेस्ट.

खडूस_काका
वा. अजून दोन शब्द खर्च केले असते तर बिल आलं असतं का.

चिंतामुक्त
डिजॉक्सिन वगैरे सोडा हो, ॲस्पिरिन द्या. माझ्या मेव्हण्याला आतड्याचा होता, ऑपरेशननंतर रोज एक छोटी ॲस्पिरिन चालू आहे, चार वर्षं झाली, ठणठणीत आहे. २०२५ मध्ये मोठी ट्रायल पण आली, १६० मिलिग्रॅम रोज, तीन वर्षं, आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. डॉक्टर सांगत नाहीत कारण फुकटात बरं झालेलं कोणाला हवंय.

औषधवाली
चिंतामुक्त, ट्रायल खरी आहे पण अर्धीच सांगताय. ती आतड्याच्या कॅन्सरची होती, आणि त्यातही ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए या साखळीतल्या जनुकांत बदल सापडला त्यांनाच गोळी देऊन पाहिली. ब्रेस्टसाठी ॲस्पिरिनची वेगळी ट्रायल झालीय, तीन हजारांवर पेशंट, रोज ३०० मिलिग्रॅम, काहीही फायदा दिसला नाही. आणि केमोने प्लेटलेट खाली आलेल्या असताना ॲस्पिरिन दिली तर रक्तस्रावाची भीती. (मी फार्मसीत काम करते, डॉक्टर नाही.)

चिंतामुक्त
मेव्हण्याचं जनुक कोणी तपासलं होतं का ते मला माहीत नाही, तो बरा आहे एवढं माहीत आहे.

खडूस_काका
मेव्हणा ऑपरेशनने बरा झाला असेल अशी पुसटशी शंका?

तळ्यात_मळ्यात
कोलेस्टेरॉलच्या गोळीचं कोणी बोललं नाही अजून. स्टॅटिन घेणारे कॅन्सर पेशंट जास्त जगतात असे कितीतरी अभ्यास आहेत. गाठीतल्या पेशींना वाढायला कोलेस्टेरॉल लागतं, ते तोडलं की झालं. लॉजिक सरळ आहे.

औषधवाली
लॉजिक सरळ आहे पण माणसावर चाललं नाही. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये केमोबरोबर प्रावास्टॅटिन देऊन पाहिलं, ८४६ पेशंट, आयुष्य एका दिवसानेही वाढलं असं म्हणता आलं नाही. तुम्ही म्हणताय त्या अभ्यासांत काय होतं, गोळी 'पाच वर्षं घेतली' या गटात जायला माणसाला आधी पाच वर्षं जगावं लागतं ना. जो सहा महिन्यांत गेला तो आपोआप 'न घेणाऱ्यां'त. मग गोळीवाले जास्त जगले हे दिसणारच.

तळ्यात_मळ्यात
म्हणजे सगळे संशोधक मूर्ख आणि तुम्ही शहाण्या. असो.

इतिहासप्रेमी
जुन्या औषधाचा नवा उपयोग हे नवीन नाहीच. प्रोप्रॅनोलॉल घ्या. बीपी-छातीच्या दुखण्याचं औषध, फ्रान्समध्ये एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी दिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रक्तवाहिन्यांची लाल गाठ विरायला लागली. २००८ मध्ये ते छापून आलं, आज त्या गाठीवर पहिलं औषध तेच. अर्थात ती गाठ कॅन्सर नव्हे.

घाईत_आहे
अहो मी ॲस्पिरिन विचारलं नाही, स्टॅटिन विचारलं नाही, बाळ पण नाही. डिजॉक्सिन!! आईचं चौथ्या स्टेजला आहे, हाडांत गेलंय, वय ७१, केमोच्या कॅपेसिटाबिन गोळ्या चालू. बातमीत स्पष्ट होतं की रक्तातले कॅन्सर पेशींचे पुंजके डिजॉक्सिनने फुटतात. ते खरं की खोटं आणि डोस किती, एवढंच.

औषधवाली
खरं आहे. स्वित्झर्लंडचं काम आहे, जानेवारी २०२५ मध्ये आलं. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी एकेकट्या असतात तशा पुंजक्यानेही असतात, आणि पुंजके नवीन जागी रुजायला जास्त वाईट. डिजॉक्सिन पेशीचा सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं, आत कॅल्शियम वाढतं, पेशींची एकमेकींना धरलेली पकड सुटते. पण पेशंट किती होते? नऊ. किती दिवस? साधारण आठवडा. पुंजके सरासरी दोनेक पेशींनी लहान झाले. पेशी मेल्या नाहीत, गाठ कमी झाली नाही, कोण जास्त जगलं हे बघायची ती ट्रायलच नव्हती. आणि डोस नेहमीचाच, रक्तातली पातळी मोजून. 'कॅन्सरचा डोस' असा वेगळा नाहीच.
दुसरी बाजू पण ऐका. डेन्मार्कमध्ये डिजॉक्सिन घेणाऱ्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण उलट थोडं जास्त दिसलं होतं, त्याची रचना इस्ट्रोजेनच्या जवळची आहे म्हणून संशय.

घाईत_आहे
नेहमीचाच डोस असेल तर मग प्रश्नच मिटला, तो तर ती घेतेच.

खडूस_काका
काय??

घाईत_आहे
हो, ठोके अनियमित आहेत ना तिचे, आठ वर्षं झाली. डिजॉक्सिन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी. मला वाटलं लिहिलंय वर. म्हणूनच तर विचारतोय, चालू आहे तर थोडं वाढवून चालेल का.

औषधवाली
थांबा. रोज घेतात? आणि वाढवलंय का तुम्ही आधीच?

घाईत_आहे
हार्टवाल्या डॉक्टरांनी आठवड्यात पाच दिवस सांगितलंय, शनि-रवि सुट्टी. ती सुट्टी मी बंद केलीय तीन आठवडे झाले. दोनच तर गोळ्या जास्त.

औषधवाली
आईंना उलट्या, जुलाब, जेवण नको वाटणं असं काही?

घाईत_आहे
आहेच, पण ते केमोने. गेल्या दोन दिवसांत पाणीसुद्धा टिकत नाही. काल रात्री म्हणाली ट्यूबलाइट पिवळी का दिसतेय, बदल ती. मी नवीन लावली, तरी पिवळीच म्हणते.

इतिहासप्रेमी
विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये लिहून ठेवलंय हे. डिजॉक्सिन ज्या कुळातून आलं ती फॉक्सग्लोव्ह ही वनस्पती औषध म्हणून जास्त झाली की उलट्या, जुलाब, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी पार ३५ पर्यंत उतरणं.

औषधवाली
इतिहास राहू दे. घाईत_आहे, हे वाचत असाल तर आजची गोळी देऊ नका आणि आत्ता आईंना हॉस्पिटलमध्ये न्या, इमर्जन्सीला. उद्या नाही. नाडी बघा मनगटावर, पूर्ण एक मिनिट मोजा. तिथे सांगा: डिजॉक्सिन, किती दिवस जास्त दिलं, पाण्याची गोळी, कॅपेसिटाबिन, जुलाब. ईसीजी, डिजॉक्सिनची पातळी, पोटॅशियम, क्रिएटिनिन. जुलाब आणि पाण्याच्या गोळीने पोटॅशियम उतरतं, ते उतरलं की तीच पातळी जास्त विषारी ठरते, शरीर कोरडं पडलं की किडनी औषध बाहेर टाकत नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

घाईत_आहे
नाडी ४४ आली. दोनदा मोजली. निघतो.

तळ्यात_मळ्यात
काळजी घ्या हो.

चिंतामुक्त
सुखरूप कळवा. ॲस्पिरिनचं नंतर बोलू.

खडूस_काका
नंतरही नको.

घाईत_आहे (तीन दिवसांनी)
आत्ता मोबाइल हातात घेतोय. पातळी ३.१ होती, दोनच्या वर गेलं की चिंतेचं असं तिथल्या मुलीने सांगितलं. पोटॅशियम २.८. सलाईनमधून देतायत, डिजॉक्सिन बंद, दोन दिवस मॉनिटरवर ठेवलं. कॅपेसिटाबिन पण थांबवलंय सध्या. आज नाडी ६२, सकाळी अर्धी वाटी पेज गेली आणि राहिली. तिला अजून सांगितलं नाहीये की जास्तीच्या गोळ्या मी दिल्या. तिला वाटतंय ट्यूबलाइटच खराब होती.
हार्टवाल्या आणि कॅन्सरवाल्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं काल पहिल्यांदा झालं, माझ्यासमोर, कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या. ट्रायलबद्दल परत विचारलं. या वेळी त्यांनी मान वर केली. म्हणाले कुठे पुढची ट्रायल चालू असेल तर बघू, पण आधी किडनी पूर्ववत होऊ दे.
औषधवाली ताई, नाव माहीत नाही तुमचं.

औषधवाली
असू दे. पोटॅशियम घरी गेल्यावर आठवड्याने परत तपासा, विसरू नका. आणि आईंना सांगा, लपवू नका.

नवा_सभासद
नमस्कार, धागा वाचला नाही पूर्ण, पण माझ्या काकांना प्रोस्टेटचा आहे आणि बीपीची गोळी चालू आहे, ती चालेल का?

खडूस_काका
कोणती गोळी? वय? स्टेज?