सांधा 'गुण्यात नाही' आणि 'सुतात नाही', एकच का?

लातूरकर_हौशी: राउटर टेबलवर (खालून फिरतं पातं वर येतं ते टेबल) ड्रॉवरच्या खाचा मारायलोय, प्लायमध्ये. एकाच खाचेत कुठं गच्च कुठं ढिली. मिस्त्री बघून म्हणले "गुण्यात न्हाई", शेजारचे काका म्हणले "सुतात न्हाई". नेमकं कुणाचं खरं?

परभणीचा_रंधा: दोन्ही येगळं भाऊ. गुण्या म्हणजे ९० अंशाचा कोन बघायचं हत्यार, त्यात नाही म्हणजे कोन चुकला. फळी फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या आधारपट्टीला, टेकवून उभी चालवताना फेन्सच कलली असंल तर असं व्हतं. सुतात नाही म्हणजे सरळ ओळ सुटली. अन् हे सूत मापातलं नाही बरं का, ते इंचाला ८, म्हणजे एक सूत ३ मिमीच्या जरा वर. 'अर्धा सूत ढिलं' म्हणलं की तिथं माप आलं, ओळ नाही. पोरं इथंच गोंधळतात.

गोदाकाठ_नांदेड: पीळ राहिला की! फरशीवर ठेवून कोपरा दाबा, डुगडुगली तर फळीच पिळलीय, मंग टेबलाला शिव्या देऊन काय उपयोग.

लातूरकर_हौशी: डुगडुगत नाही. फेन्स टेबलाच्या खोबणीला समांतर करण्यात अख्खी सकाळ गेली माझी, तरी तेच.

परभणीचा_रंधा: कशाला पण? बिट, म्हणजे कापणारं पातं, गोल फिरतंय, फेन्स तिरकी बसली तरी बिटापासून अंतर तेवढंच राहतंय, खोबणीत गेज (फळी कोनात धरून ढकलायचं साधन) सरकवणार असाल तरच समांतर पायजे. तुमची फळी मधीच फेन्स सोडायलीय, म्हणून खाच तिथं रुंद. फेदरबोर्ड (फळी फेन्सला दाबून धरणारी दातेरी पट्टी) लावा, उजवीकडून डावीकडं ढकला, मंग बिटच फळीला फेन्सकडं रेटतं. उलटं ढकललं तर फळी हातातून ओढून नेईल, बोटं सांभाळा. म्हणजे शब्द काकांचाच बरोबर, सुतात नाही.

गोदाकाठ_नांदेड: आणि सगळीकडून सारखीच ढिली असंल तर त्याला ना गुण्या ना सूत, सरळ 'ढिलं' म्हणा. अर्ध्या इंचाचं बिट १२.७ मिमीची खाच पाडतं, अन् १२चा म्हणून आणलेला प्लाय बऱ्याचदा १२ पण भरत नाही. बिटाचा दांडा कितीचा आहे तुमच्या?

लातूरकर_हौशी: ६ मिमी. कोलेटवर (दांडा आवळून धरतं ते) ६.३५ लिहिलंय.

परभणीचा_रंधा: अरे बाबा, आधी मशीन बंद करा! ते धड पकडतच नाही, फिरताना डुलतंय, सुटलं तर अंगावर येईल. ६ चंच कोलेट आणा, दांडा आत पूर्ण टेकवून दोन-तीन मिमी मागं घ्या अन् मंग आवळा. फेदरबोर्डचं त्याच्यानंतर बघू.