मोबाईल स्टार्टरची चाचणी: पेटंट घ्यावं की सगळ्यांना खुली करावी? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पोगोपिन

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. रात्रीची लाईट आली की घरातूनच मेसेज टाकायचा, विहिरीवरची मोटर चालू. मी टेस्टिंग बघते. पूर्वी प्रत्येक बोर्ड हातानं तपासायचो: मीटर लावा, एकेक फेज काढा, रिलेचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा) आवाज ऐका, वहीत टिक करा. मग मी जिग, म्हणजे बोर्ड तपासायचा साचा, बनवला. बोर्ड ठेवून क्लॅम्प दाबला की खालून स्प्रिंगच्या पिना टेकतात, प्रोग्रॅम चढतो, फेज तोडून बघितल्या जातात आणि कुठल्या पायरीवर बोर्ड अडला ते माझ्या मोबाईलवर मेसेजनं येतं.

पण जीव ओतलाय तो एकाच चाचणीत. एसएमएस थेट पोचत नाही. आधी तो नेटवर्कच्या मेसेज सेंटरमध्ये जातो आणि समोरचं सिम रेंजमध्ये येईपर्यंत तिथंच थांबतो. संध्याकाळी सातला टाकलेला 'चालू' टॉवर बंद असल्यामुळं पहाटे पोचला, आणि त्या वेळी फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) काढायला कोणी विहिरीत उतरलेलं असलं तर? सुदैवानं सेंटर प्रत्येक मेसेजवर आपली वेळ मारतं. आमचा बोर्ड ती वेळ वाचतो. मेसेज शिळा असला तर मोटर सुरू न करता मालकाला उलट विचारतो. जिग मॉडेमच्या (बोर्डावर मेसेज घेणाऱ्या भागाच्या) जागी स्वतः बसते आणि बोर्डाला मुद्दाम शिळा मेसेज देते. मोटरचा रिले ओढला गेला की बोर्ड नापास.

भागीदार म्हणतात, पेटंट घेऊ. मला ही चाचणी खुली करायची आहे, कुठल्याही कंपनीच्या स्टार्टरला लावता यावी अशी. मी जे वापरते ते कोणीतरी खुलं ठेवलं म्हणूनच माझ्या टेबलापर्यंत आलं. रे टॉम्लिन्सन यांनी १९७१ मध्ये एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पहिली ईमेल पाठवली. दोन्ही मशीन एकाच खोलीत होती, पण संदेश गेला अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरून. नाव आणि मशीन यांच्यामध्ये ॲटचं चिन्ह त्यांनीच ठेवलं. पेटंट घेतलं नाही. जेटॅग या बोर्ड तपासायच्या पद्धतीचंही तसंच. बोर्ड इतके दाट झाले की पिना टेकवायला जागा उरेना, तेव्हा १९८५ मध्ये कंपन्या एकत्र बसल्या आणि १९९० मध्ये आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेचं ११४९.१ हे मानक आलं. चार तारांत चिपच्या प्रत्येक पायाची खबर मिळते. त्या चार तारा आज माझ्या जिगमध्ये आहेत.

शिरोलीकर

ताई, काम एक नंबर आहे. म्हणूनच सांगतो, फुकट वाटू नका.

टॉम्लिन्सन बीबीएन कंपनीत नोकरीला होते आणि अर्पानेटला पैसा अमेरिकन सरकारचा होता. महिन्याचा पगार ठरलेला. जेटॅगला बसलेल्या कंपन्या चिपा विकून कमावणार होत्या, मानक खुलं करून त्यांचं काय गेलं? तुमच्या जिगचा खर्च कोणी दिला?

आम्ही फौंड्रीसाठी वाळूचा ओलावा मोजणारं यंत्र केलं होतं. तीन वर्षं घातली. एका ग्राहकाला विश्वासानं ड्रॉइंग दिलं, आणि सहा महिन्यांत तेच यंत्र दुसऱ्या रंगात बाजारात आलं. आमच्याकडं कागद नव्हता, त्यामुळं भांडणार कशाच्या जोरावर? लहान युनिटला अर्जाची ऑनलाइन फी १६०० रुपये आणि तपासणीची ४०००. वकिलाचे वेगळे, पण वीस वर्षांचं संरक्षण मिळतं. २००६ मध्ये ब्लॅकबेरीवाल्यांना वायरलेस ईमेलच्या पेटंटपायी एनटीपी कंपनीला ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजावे लागले. कागदाची ताकद ही असते.

पोगोपिन

दादा, तुमच्या यंत्राचं वाचून वाईट वाटलं. तुमचा राग रास्त आहे. पण एनटीपीचं उदाहरण मला उलट दिसतं. ती कंपनी स्वतः एकही फोन बनवत नव्हती, आणि तिचे दावे अमेरिकेचं पेटंट ऑफिस तेव्हा फेरतपासणीत नाकारत होतं. तरी पैसे द्यावे लागले, कारण धंदा बंद पडायची भीती होती. तसा कागद माझ्या चाचणीवर कोणाकडं असता तर मी जिगला हात लावला असता का?

कलम३

दोघांनीही आधी करायचं काम राहून गेलंय. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे: नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम पेटंटला पात्र नाही. मेसेजची वेळ तपासणं एवढंच मांडलं तर अर्ज तिथंच अडेल. जिग, मॉडेमच्या जागी बसणारी जोडणी, रिलेवरचं मोजमाप हे सगळं मिळून एक यंत्र म्हणून मांडलं तर वाट आहे.

नव्हे, होती. अर्जाआधी जाहीर केलेल्या गोष्टीचं नावीन्य जातं, अपवाद अगदी थोडे. पोगोपिनताईंनी वर तत्त्व लिहून टाकलंय. आता एक मात्र झालं, हीच कल्पना उद्या दुसऱ्या कोणी आपल्या नावावर करायला गेलं तर ही तारीख त्याच्या आड येईल.

शिरोलीकर

म्हणजे ताईंनी ठरवूनच लिहिलं. भागीदाराला विचारलंत का?

पोगोपिन

विचारलं. दोन दिवस बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, आतला प्रोग्रॅम देऊ नकोस, चाचणी दे. ते मी मान्य केलं.

पंचगंगाकाठ

मला पेटंटातलं काय कळत नाय. तीन एकर ऊस हाय, स्टार्टर दोन हायत. मुद्दा येगळाच हाय. तुमी हे खुलं केलंसा, की कोणीबी स्वस्तातला डबा करून त्यावर 'चाचणी झालेला' छापणार. चाचणी केलीया का नाय हे मी बांधावर कसं वळखू? माणूस बुडाला तर जबाबदार कोण?

पोगोपिन

काका, ह्यावर मी खरंच विचार केला नव्हता. पेटंट घेतलं तरी खोटा शिक्का मारणारा मारेलच. पण चाचणी खुली ठेवून तिचं नाव आणि खूण राखून ठेवता येईल. कोल्हापुरी चपलेचं तेच आहे की. ती कशी शिवायची हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते नाव कोण वापरणार याला नियम आहे. आमच्यासाठी सर्टिफिकेशन मार्कची, म्हणजे ठरलेल्या अटी पाळणाऱ्यालाच वापरता येणाऱ्या खुणेची, सोय असते असं कलम३ यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं.

शिरोलीकर

मार्क घेतला तर तो पाळतोय की नाही हे बघत फिरायला माणूस लागेल. तो खर्च परत तुमच्याच डोक्यावर. माझं मत बदललेलं नाही. फक्त पुढच्या वेळी तरी आधी अर्ज टाका, मग लिहा.

पंचगंगाकाठ

अजून एक. बोर्ड उलट इचारतोय म्हणालासा, ते मराठीत येतंय का? आणि मेसेज किती येळ झाला म्हंजे शिळा?

पोगोपिन

मराठीत येतं. इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७० च, कारण प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात आणि काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणून वाक्य आखूड ठेवलंय: 'हुकूम उशिरा आला. मोटर चालू करू? हो / नको'. मर्यादा सध्या दहा मिनिटं.

पंचगंगाकाठ

धा मिनिटं लई झाली. हिरीत उतराय दोन मिनिटं लागत्यात.

पोगोपिन

बरोबर आहे. पण रेंज कमी असलेल्या गावात चांगला मेसेजच कधी कधी तीन-चार मिनिटं घेतो, मग दर वेळी बोर्ड विचारत बसेल आणि शेतकरी ती सोय बंदच करून टाकेल. उद्या जिगवर पाच मिनिटं लावून बघते. तुमच्या शिवारात मेसेज पोचायला किती वेळ लागतो ते आठवडाभर लिहून ठेवाल का? रात्रीचे आकडे जास्त कामाचे.