विषय, गृहीतक, प्रतिपाद्य : फरक नेमका काय? (तासगाव, सांगली आणि कराड इथल्या तीन शिक्षकांचं संभाषण)

तासगाव : बी. ए. भाग १च्या निबंध-आराखड्यात विषय, गृहीतक आणि प्रतिपाद्य असे तीन रकाने आहेत. मुलं तिन्हींत एकच लिहितात, ‘हरिपूरची हळदीची पेवं’ (सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं). ‘प्रतिपाद्य’ऐवजी सरळ ‘मुख्य मुद्दा’ म्हणावं का?

सांगली : नको, मॅडम. मुद्दा एका शब्दाचाही चालतो. प्रतिपाद्य म्हणजे जे प्रतिपादन करायचं ते, म्हणून तिथे क्रियापदासह पूर्ण वाक्यच हवं. ‘हरिपूरची हळदीची पेवं’ यावर ‘कशावरून?’ असं विचारताच येत नाही. हे बघा : ‘पेवाचं तोंड लिंपून बंद केलं की आतला ऑक्सिजन कमी होत जातो, म्हणून हळदीला कीड लागत नाही.’ आता परिच्छेद आपोआप सुचतात : पेवाची घडण, तोंड लिंपण्याची रीत, हवा आणि किडीचा संबंध. हजार शब्दांच्या निबंधाला असं एकच वाक्य पुरे, आणि ते पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी यावं. पानभर प्रस्तावनेनंतर आलं तर वाचणारा तोवर चाचपडत राहतो.

कराड : खरा घोळ ‘गृहीतक’ शब्दात आहे. भूमितीत गृहीतक सिद्ध न करता मानायचं असतं, आणि संशोधनात काही जण तपासायच्या विधानालाच गृहीतक म्हणतात. मुलं शाळेतला अर्थ धरून बसतात आणि तपासायचं सोडून देतात. तपासायच्या विधानाला ‘गृहीतकृत्य’ किंवा ‘अभ्युपगम’ म्हणा. उदाहरणार्थ, ‘पेवं कमी झाली ती २००५च्या महापुरामुळेच.’ यातला ‘च’ तपासायचा. पेवांत पाणी शिरलं हे खरं, पण शीतगृहांचा वाटा किती? व्यापाऱ्यांना विचारलं तर मुलाखतीची तारीख आणि ठिकाण त्या वाक्यापाशीच नोंदवावं. सगळे संदर्भ शेवटी एकगठ्ठा दिले की कोणती माहिती कुठली ते कळत नाही. पुरावा उलटा निघाला तर ‘च’ काढायचा, पुरावा नव्हे. तपासून उरतं ते प्रतिपाद्य.

तासगाव : पटलं, सर. ‘गृहीतक’ या रकान्याचं नाव बदलते. एका मुलीने ‘२००५ साली पेवं फुटली’ असं लिहिलंय. चालेल?

सांगली : टाळावं. ‘पेव फुटणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा एकदम सुळसुळाट होणे, जसं क्लासेसचं पेव फुटतं. इथे पेवं निकामी झाली, म्हणजे वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल. ‘पेवांत पाणी शिरलं, हळद भिजली’ एवढंच लिहायला सांगा.