मदत हवी आहे: भाच्याला गणितं सोडवून द्यावीत का?

भाचा दहावीत आहे, राज्य मंडळाच्या शाळेत. रोज रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गसमीकरणांचे फोटो येतात: "मामा, एवढं सोडवून दे ना, उद्या वही दाखवायचीय." मी देत होतो. परवा त्याची वही पाहिली तर एके ठिकाणी मी चुकून मध्यपदाची फोड उलट्या चिन्हांनी केली होती, तीही जशीच्या तशी उतरवलेली! फार वाईट वाटलं. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत गृहपाठही धरतात, म्हणजे ते गुण माझेच. पण लेखी परीक्षेच्या ८० गुणांना तो एकटाच बसणार. आता फक्त पहिली पायरी सांगतो, तर तो रुसतो आणि ताई म्हणते, "एवढंही करत नाहीस?" शिक्षक मंडळी, नेमकं कुठे थांबू? आणि ताईला कसं समजावू?