नवीन रोपांच्या गड्ड्यात डीएपी टाकायचं का? (काळी माती, खाली चुनखडी, उमरेड रोड)

उमरेडरोडची बाग

नमस्कार मंडळी. नागपूरच्या उमरेड रोडला विहीरगावच्या पुढे आमचा प्लॉट आहे, घर बांधून झालं आणि आता कंपाउंडच्या आत झाडं लावायची आहेत. केशर आंबा, कागदी लिंबू, सीताफळ, संत्र्याची दोन कलमं आणि रस्त्याच्या बाजूला करंज नि बहावा. गड्डे उन्हाळ्यातच खोदून ठेवले होते, दोन बाय दोन फुटाचे, चांगले तापले. वरची माती चिकट काळी आहे आणि तळाला पांढरट चुनखडी लागली. आता पाऊस बसला म्हणून या आठवड्यात लावून टाकू म्हणतोय.

प्रश्न खताचा आहे. कृषी केंद्रात गेले तर ते म्हणाले प्रत्येक गड्ड्यात मूठभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे दाणेदार खत) टाका म्हणजे मुळं जोरात सुटतात, आणि रूट बूस्टरची बाटली पण घ्या, ती पाण्यातून द्यायची. नर्सरीवाला म्हणतो १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं पाण्यात विरघळणारं खत) द्या. माझे सासरे म्हणतात पहिल्या वर्षी फक्त शेणखत, बाकी काही नको. तिघंही एकदम खात्रीने सांगतात, आता ऐकायचं कोणाचं? नवीन झाडाने लवकर मूळ धरावं म्हणून सुरुवातीचं खत नेमकं कोणतं, किती, आणि गड्ड्यात द्यायचं का वरून? आमच्या लेआउटमध्ये ओळखीच्यांची आंब्याची कलमं पहिल्याच उन्हाळ्यात गेली, त्यामुळे खरंच काळजी वाटतेय.

काटोलचा संत्रावाला

ताई, आमचं संत्र्याचं वावर हाय, आमी जे करतो ते सांगतो. गड्ड्यात डीएपी नाई टाकत, सुपर टाकतो, सिंगल सुपर फॉस्फेट. अन् तेही मुळाखाली ढीग करून नाई, गड्ड्यातून निघालेल्या सगळ्या मातीत कालवून. संगं चांगलं कुजलेलं शेणखत दोन टोपले अन् थोडी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असलं तं उधई (वाळवी) लागते, आपल्या इकडे उधई लय हाय, कोवळं मूळ खाऊन टाकते अन् वरून पाह्यलं तं समजतबी नाई काहून वाळून राह्यलं.

खतापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कलम किती खोल लावता ते. डोळा बांधल्याचा जोड जमिनीच्या वर वीतभर राह्यलाच पाह्यजे. तो मातीत गेला अन् त्याच्यावर पाणी साचलं का डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आलाच समजा. शेंदुरजना घाटाकडून रोपं आणणारे जुने लोकं पहिले जोडाची उंची अन् खालचं मूळ पाह्यतात, पानं किती हिरवी हाय ते मंग. गड्डा असा भरा का पाऊस पडून माती बसल्यावरही झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचच राह्यलं पाह्यजे.

माती आणि मुळं

मी माती परीक्षणाच्या कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मूठभर डीएपीच्या सल्ल्यात अर्धी गोष्ट खरी आहे. स्फुरद (फॉस्फरस) मुळांना लागतं, आणि ज्या मातीत ते खरोखर कमी आहे तिथे दिल्याने फरक दिसतो. पण मातीत पुरेसं असताना आणखी टाकलं म्हणून मुळं जास्त सुटत नाहीत. मुळं वाढतात ती पानांनी तयार केलेल्या साखरेवर, आणि वाढायला त्यांना मातीत ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ओल भरपूर पण हवा नाही, आणि उन्हाळ्यात माती भेगाळते तेव्हा हवा भरपूर पण ओल नाही आणि वर बारीक मुळं तुटतात ती वेगळीच. नवीन झाडं मरतात ती जास्त करून इथे, खत कमी पडलं म्हणून नाही.

आता डीएपीच का नको ते सांगतो. थैलीवरचं १८:४६ म्हणजे ५० किलोच्या थैलीत ९ किलो नत्र (नायट्रोजन) आणि २३ किलो स्फुरद, हे चांगलंच तेज खत आहे. पेरणीत ते ओळीने पसरून पडतं. गड्ड्यात मूठभर एकाच जागी पडलं की दाणे विरघळताना भोवतालच्या मातीचा सामू (पीएच) आणखी वर जातो आणि अमोनिया सुटतो. आपल्या भागातली चुनखडीची माती आधीच ८ च्या आसपास असते. रोपाचं नवीन पांढरं मूळ त्या पट्ट्यात शिरलं की टोक जळतं, वर पानांच्या कडा करपतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, मग आपण आणखी पाणी घालतो.

दुसरं म्हणजे स्फुरद जागेवरून फारसं हलत नाही. चुनखडीच्या मातीत ते कॅल्शियमसोबत बांधलं जातं आणि दाण्यापासून काही सेंटिमीटरच्या पलीकडे सरकत नाही. काटोलच्या दादांची कालवण्याची पद्धत म्हणूनच बरोबर आहे. वरून टाकलेलं स्फुरद खाली पोचणार नाही, त्यामुळे माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये कमी निघालं तर गड्डा भरतानाच सगळ्या मातीत सुपर मिसळायचं, ही संधी नंतर मिळत नाही. सुपरमध्ये स्फुरद १६ टक्केच असतं, सोबत गंधक आणि कॅल्शियम, आणि डीएपीसारखा अमोनियाचा त्रास नाही. पण रिपोर्टमध्ये स्फुरद मध्यम किंवा जास्त असेल तर सुपरही टाकू नका. घराच्या प्लॉटवर पूर्वी शेती होती का ते विचारून बघा, वर्षानुवर्षं कपाशी-सोयाबीनला डीएपी पडलेलं असेल तर जमिनीत साठा असू शकतो.

जास्त स्फुरदाचा तोटा मुळीच छोटा नाही. झिंक आणि लोह उचलण्यात अडथळा येतो, आणि चुनखडीत हे दोन्ही आधीच झाडाला मिळायला कठीण. संत्रा-लिंबाची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, किंवा पानं एकदम बारीक, हे आपल्याकडे किती बागांत दिसतं. शिवाय मुळांवर राहणारी मायकोरायझा बुरशी असते, जी बारीक धाग्यांनी लांबचं स्फुरद झाडाला आणून देते. आयतं स्फुरद खूप मिळालं तर झाड तिला जवळ करत नाही.

पहिल्या हंगामात खरं कमी पडू शकतं ते नत्र, पण तेही लावताना नाही. रोपाला नवीन पालवी येऊन ती पक्की झाली म्हणजे खाली मुळं कामाला लागली. तेव्हा १०-१५ ग्रॅम युरिया, खोडापासून वीतभर लांब गोलाकार पसरून, मातीत मिसळून आणि लगेच पाणी. नाहीतर नर्सरीवाल्याचं १९:१९:१९ लिटरला ३ ग्रॅम घेऊन दोन-तीन लिटर आळ्यात. कोरड्या मातीत कोणतंच खत नको. करंजाला नत्राची चिंता करू नका, त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि तो हवेतलं नत्र घेतो. बहाव्याला मात्र शेंगा असल्या तरी त्या गाठी येत नाहीत, त्याला थोडं द्या.

मनीषनगरची हिरवळ

वरती एक गोष्ट राहिली. नर्सरीची पन्नी काढली की आत लाल माती किंवा मुरूम-शेणखताचा गोळा असतो आणि आपण तो काळ्या मातीत बसवतो. दोन-चार दिवस उघाड पडली की बाहेरची काळी माती ओलीगच्च दिसते आणि आतला गोळा ठणठणीत कोरडा, कारण सुरुवातीला झाडाची सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात आणि तिथलंच पाणी ओढतात. आमच्या सोसायटीत माळ्याला आता सवय लावली आहे, पाणी द्यायच्या आधी खोडाजवळ बोट खुपसून बघायचं. पहिले काही आठवडे पाणी थेट गोळ्यावर, मग हळूहळू आळं बाहेर सरकवत न्यायचं म्हणजे मुळंही बाहेर येतात.

आणि पन्नी पूर्ण काढा ताई, नुसती खालून फाडून लावू नका. मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती सोडवा किंवा ब्लेडने बाजूला दोन-तीन उभे काप द्या. तशीच लावली तर मोठी होऊन स्वतःलाच आवळतात.

उमरेडरोडची बाग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. डीएपी रद्द. अजून तीन शंका आहेत. बाटली घेऊन झालीय, तिच्यावर ह्युमिक ॲसिड आणि सीवीड लिहिलंय, देऊ का? हाडांचा चुरा चालेल का, व्हिडिओत सगळे तेच सांगतात. आणि तळाच्या चुनखडीचं काय करू, ती काढून लाल माती भरू का?

माती आणि मुळं

बाटली दिली तर बिघडणार काही नाही, लेबलवर लिहिल्यापेक्षा जास्त देऊ नका एवढंच. मुळं तिच्यामुळे धरतील असं मात्र धरून चालू नका. दोन टोपले कुजलेल्या शेणखतात ह्युमिक असतंच, आणि नवीन बाटली विकत घ्यायचे पैसे माती परीक्षणावर घातले तर ते जास्त कामी येतात.

हाडांचा चुरा आपल्या मातीत नको. त्यातलं स्फुरद सुटं व्हायला आम्लधर्मी माती लागते, ८ सामूच्या चुनखडीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. वर वासाने कुत्री गड्डा उकरतात.

लाल माती भरण्याचा विचार सोडा. काळ्या मातीत खोदलेल्या गड्ड्यात वेगळी सुटी माती भरली की आजूबाजूचं पाणी उतरून त्यात गोळा होतं आणि गड्ड्याचा हौद होतो, मुळं त्यात कुजतात. निघालेलीच माती परत भरा, फक्त चुनखडीचे खडे बाजूला काढा आणि तळाची पांढरी माती वर येऊ देऊ नका. गड्ड्याच्या बाजू फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर टिकासाने खरवडून घ्या, नाहीतर मूळ त्या भिंतीवर आपटून वळतं. तळाला चुनखडी आहे म्हणून संत्र्याची दोन्ही कलमं प्लॉटच्या सगळ्यात उंच भागात, फूट-दीड फूट उंच गादीवर लावा. आंबा आणि लिंबूसुद्धा थोडे उंचावरच. सीताफळ आणि करंज तेवढे नाजूक नाहीत.

लावायच्या आधी वरच्या एक फुटाची माती आणि त्याखालची एक फुटाची माती अशा दोन वेगळ्या थैल्या भरून परीक्षणाला द्या. सामू, स्फुरद, झिंक, लोह आणि मुक्त चुना मागा, स्फुरद ऑल्सेन पद्धतीने (चुनखडीच्या मातीसाठीची तपासणी) केलंय ना ते विचारा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर निघाला तर संत्र्याचा नाद सोडा आणि त्या जागी चिंच किंवा आवळा लावा. अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, संत्र्याबद्दल तिथे चौकशी करा. रिपोर्ट यायला वेळ लागला तरी हरकत नाही, जुलै पूर्ण हातात आहे.

काटोलचा संत्रावाला

बरोबर सांगून राह्यले भाऊ. माह्यं एकच, पाऊस संपल्यावर आळ्यात सोयाबीनचं कुटार (भुसा) नाईतर पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) चुरा चार बोट जाड टाका, खोडाला लागू द्याचा नाई. आक्टोबरात ऊन निघते अन् माती फाटाले लागते, तवापासून ते राह्यलं पाह्यजे. अन् नवतप्यात (मे अखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात) दुपारच्याले संत्र्याच्या कलमांवर पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करून द्या, तिथंच लोकांची झाडं जातात. तुमच्या ओळखीच्यांच्या आंब्याले उन्हाळ्यात आच्छादन होतं का ते इचारून पाहा.

उमरेडरोडची बाग

विचारलं दादा. आच्छादन नव्हतं, आणि गड्ड्यात लाल माती भरली होती. आमच्या दोन थैल्या भरून झाल्यात, सोमवारी देऊन येते. संत्र्याची जागा बदलून गेटजवळच्या उंचवट्यावर घेतली. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं, ते कुटार आणायला आत्तापासून कोणाला तरी सांगून ठेवतायत. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकते, माती आणि मुळं दादा, तेव्हा सुपर लागेल का ते प्लीज बघून सांगा.