काच बसवणारा निवडताना

भाऊ, 'काच काय, हार्डवेअरवाल्याचा पोऱ्याही बसवून देतो' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या भुसावळच्या घरात पश्चिमेच्या खिडकीला अशीच घाईत काच बसवून घेतली होती. मापाला घट्ट, कडा खडबडीत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि एका दुपारी कोपऱ्यातून थेट तडा! उन्हात काचेचा मधला भाग तापून फुगतो, फ्रेममधली कड त्यामानाने थंड राहते. कडेला टवका असला की तडा तिथूनच सुटतो.

दुसऱ्या वेळी जाणता कारागीर आणला. त्याने रुंदी-उंची तीन-तीन ठिकाणी मोजली, सर्वांत कमी माप धरलं, त्यातूनही दोन-तीन मिलिमीटर सोडले, कडा घासल्या आणि जुनं कडक झालेलं रबर बदललं. अशी माणसं जपावीत.

लहान मुलं असतील तर खालच्या भागात टफन काच, म्हणजे तापवून मजबूत केलेली काचच घ्या. ती फुटली तरी बोथट बारीक तुकडे होतात. पण ती नंतर कापता येत नाही, म्हणून ऑर्डरआधी माप कारागिराकडूनच घ्या. आणि चुकलं तर काच कोण भरून देणार, तेही बिलावर लिहून घ्या.