फेनोबार्बिटोनच्या गोळ्या आणि यकृताचा कर्करोग : भावाने गोळी बंद केली आहे, कृपया मार्गदर्शन करावे

कृष्णाकाठची लेक :

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. बाराव्या वर्षी त्याला पहिली फिट आली आणि तेव्हापासून, म्हणजे २६ वर्षे, तो रोज रात्री फेनोबार्बिटोनची ६० मिलिग्रॅमची एक गोळी आणि दिवसातून दोन वेळा फेनिटॉइन घेत आला आहे. गेल्या नऊ वर्षांत त्याला एकही फिट आलेली नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या कारखान्यातील आरोग्य तपासणीत जीजीटी (यकृताच्या एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, रक्तातील प्रमाण) ११२ आले; अहवालावर कमाल मर्यादा ५५ छापलेली आहे. एसजीपीटी, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन या यकृताच्या इतर तपासण्या मर्यादेत आहेत. ठळक अक्षरांतला तो एकच आकडा पाहून त्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फेनोबार्बिटोन हे कर्करोगकारक असण्याची शक्यता नोंदवली आहे, असे त्याच्या वाचनात आले. आज सकाळी कपडे भिजवताना त्याच्या सदऱ्याच्या खिशात चार पांढऱ्या गोळ्या सापडल्या. त्यांच्या कडा ओल लागून विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. आईसमोर तो गोळी तोंडात टाकत होता आणि ती वळली की काढून खिशात ठेवत होता. फेनिटॉइन मात्र चालू आहे.

त्याची भीती मला समजते. आमचे मामा चार वर्षांपूर्वी यकृताच्या कर्करोगाने गेले आणि शेवटचे दोन महिने त्यांचे सगळे यानेच केले. मामांना फिटचा आजार नव्हता. या गोळ्यांनी खरोखर यकृताचा कर्करोग होतो का, आणि मी त्याला काय सांगावे?

निवृत्त अध्यापक :

ताई, वैद्यकीय महाविद्यालयात मी अनेक वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे. आधी आजचे काम सांगतो. त्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांना आत्ताच फोन करून चार रात्रींची गोळी चुकल्याचे स्पष्ट सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने ती आजच पुन्हा सुरू करा. राहिलेल्या चार गोळ्या एकदम मात्र देऊ नका. फेनोबार्बिटोन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच काही दिवस लागतात. त्यामुळे चार दिवस काही झाले नाही म्हणून गोळीची गरज नव्हती, असा निष्कर्ष काढता येत नाही. धोक्याचे दिवस आता सुरू होत आहेत. हे औषध अचानक तुटल्यास एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

आता कर्करोगाविषयी. भावाने वाचले ते खोटे नाही. त्या संस्थेने फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही दोन्ही औषधे 'गट २ब' मध्ये, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात, ठेवली आहेत. परंतु हे गट पुराव्याच्या बळावर ठरतात, धोका किती मोठा आहे यावर नाही. फेनोबार्बिटोन दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी होतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. यकृताच्या पेशींत 'कार' नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे औषधाचा संकेत ओळखणारा रेणू) असतो. हे औषध त्याला जागे करते, मग पेशी मोठ्या होतात, औषधे पचवणारी विकरे भराभर तयार करतात आणि उंदरांत त्या वेगाने विभाजितही होऊ लागतात. माणसाच्या यकृतपेशींवरील प्रयोगांत विकरे वाढलेली दिसतात, पण विभाजनाचा तो वेग दिसत नाही. गाठ वाढीला लागते ती विभाजनातून, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

माणसांबाबतची सर्वांत बोधप्रद नोंद डेन्मार्कची आहे. तेथील डियानालुंड गावातील फिलाडेल्फिया या अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, रुग्णालयात १९३३ ते १९६२ या काळात उपचार घेतलेल्या सुमारे ८,००० रुग्णांचा पुढे कित्येक दशके मागोवा घेतला गेला. त्या देशात १९४३ पासून कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद होत असल्याने हे शक्य झाले. या रुग्णांत यकृताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त आढळला आणि साहजिकच बोट गोळ्यांकडे गेले. नंतर जुनी कागदपत्रे तपासल्यावर दिसले की यांतील काहींना मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र काढताना थोरोट्रास्ट टोचण्यात आले होते. थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम डायऑक्साइड, किरणोत्सारी द्रव्य. ते यकृतात जाऊन बसते, आयुष्यभर तेथून हलत नाही आणि आतून किरणांचा मारा करत राहते. ते माणसात कर्करोग घडवते, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. त्या रुग्णांना बाजूला काढल्यावर गोळ्यांवरचा आरोप टिकण्याजोगा राहिला नाही. हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगत असे, कारण ज्या आजारासाठी गोळी दिली जाते त्याच आजाराच्या तपासणीत खरा अपराधी दडलेला होता.

सायंतारा :

एवढी शंका असेल तर जुनी गोळी सोडून लेव्हेटिरासिटाम हे फिटचे नवे औषध का घेऊ नये? ते बहुतांशी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, यकृतावर त्याचा भार जवळजवळ नसतो. माझ्या मुलीला तेच चालू आहे.

घाटमाथा :

सायंताराताई, सूचना चुकीची नाही, पण नऊ वर्षे फिट न आलेल्या माणसाचे औषध बदलणे सोपे नसते. मी स्वतः अपस्माराचा रुग्ण आहे. सात वर्षांपूर्वी मीही एका लेखाच्या भीतीने कोणालाही न सांगता फेनोबार्बिटोन बंद केले होते. बाराव्या दिवशी विहिरीवर मोटार चालू करायला गेलो आणि शुद्धीवर आलो तेव्हा कठड्याच्या आतल्या बाजूला माझा एक पाय लोंबत होता, जीभ चावली जाऊन तोंडात रक्त होते आणि शेजारच्या रानातील गडी माझा सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली माझे औषध बदलले गेले, पण नवी गोळी आधी सुरू करून जुनी थोडी थोडी कमी करण्यात सात महिने गेले. त्या काळात विहीर, दुचाकी आणि शिडी या तीनही गोष्टी मला बंद होत्या. आपल्या भावाला औषध बदलायचे असेल तर त्याने तज्ज्ञांशी जरूर बोलावे. मात्र खिशात गोळ्या लपवणे हा तो मार्ग नव्हे, हे त्याला माझ्या नावाने सांगा.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. या जुन्या गोळ्यांमुळे ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडे ठिसूळ होऊ शकतात. माझे मनगट साध्या घसरण्याने मोडले. २६ वर्षे या गोळ्या घेतलेल्या माणसाने ड जीवनसत्त्वाची तपासणी जरूर करून घ्यावी.

यकृतवैद्य :

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून सर्वसाधारणपणे लिहिते. फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांचे जीजीटी वाढलेले असते. निवृत्त अध्यापकांनी जी विकरवाढ सांगितली तिचीच ती खूण आहे. एसजीपीटी, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन ठीक असताना एकट्या जीजीटीवरून यकृत खराब झाले असे आम्ही म्हणत नाही. मद्यपान आणि चरबीयुक्त यकृत यांची चौकशी मात्र करतो. भूक मरणे, सतत उलट्या, गडद लघवी, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. औषधाने यकृताला सूज येणे हा खरा धोका आहे, परंतु फेनिटॉइनच्या बाबतीत तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि पुरळ घेऊन येतो. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तो मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत असतो आणि दोन वर्षांखालील मुलांना सर्वांत जास्त असतो. हा प्रश्न कर्करोगापेक्षा वेगळा आहे.

आपल्या पत्रातील मामांच्या उल्लेखापाशी मी थांबले. त्यांना हिपॅटायटिस बी होता का? यकृताच्या कर्करोगाचे ते जगातील एक प्रमुख कारण आहे आणि हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाकडे जाऊ शकतो. मामांना तो आपल्या आजीकडून मिळाला असेल, तर आपल्या आईलाही मिळालेला असू शकतो आणि तिच्याकडून आपणा दोघांना. आपल्याकडे बाळांना या आजाराची लस सरकारी कार्यक्रमातून देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास, म्हणजे आपल्या पिढीच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी. एचबीएसएजी ही हा विषाणू शोधणारी साधी रक्ततपासणी आहे, तिघांचीही करून घ्या. कोणाचीही पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. विषाणू दाबून ठेवणारी गोळी उपलब्ध आहे आणि ज्यांना धोका जास्त असतो त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून आम्ही गाठ लहान असतानाच पकडण्याचा प्रयत्न करतो. घरात बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून टाकण्याऐवजी भाजून वापरले जात असतील तर तेही थांबवा. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरते नष्ट होत नाही आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या यकृताला ते अधिकच घातक ठरते.

कृष्णाकाठची लेक :

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. डॉक्टरांशी दुपारीच बोलणे झाले. रात्री भावाने घाटमाथा यांचे उत्तर स्वतः वाचले, काही बोलला नाही, पण माझ्यासमोर गोळी गिळली आणि जीभ उचलून दाखवली. त्यानंतर मी मामींना फोन केला. त्यांनी कपाटातून मामांची फाइल काढून पहिल्या पानाचे छायाचित्र पाठवले आहे. त्यावर निदानाच्या वरच्याच ओळीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' असे लिहिलेले आहे. चार वर्षांत ती ओळ आम्हांपैकी कोणालाही कोणी समजावून सांगितली नाही. सोमवारी सकाळी आई, भाऊ आणि मी तिघेही रक्त द्यायला जात आहोत आणि मामींच्या दोन्ही मुलांनाही बोलावले आहे.